उंदराला वाचवणारी हळद, माणसाचं मूत्रपिंड

पांढऱ्या उंदराला सिस्प्लॅटिनचं एकच इंजेक्शन टोचलं, की चार-पाच दिवसांत त्याच्या रक्तातलं क्रिएटिनिन चढतं. मूत्रपिंडातल्या बारीक नलिकांच्या पेशी मरतात, त्यांचा गाळ नलिकांतच साचतो. शेजारच्या पिंजऱ्यातल्या उंदरालाही तेवढंच सिस्प्लॅटिन दिलेलं असतं. पण त्याला हळदीतलं कर्क्युमिनही पाजलेलं असतं. त्याचं क्रिएटिनिन कमी चढतं आणि नलिका बऱ्याच प्रमाणात शाबूत राहतात. चंडीगडच्या पंजाब विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ साली हे दाखवलं. त्याआधी, २००० साली, चेन्नईतल्या संशोधकांनी ॲड्रियामायसिन या दुसऱ्या कर्करोगविरोधी औषधाबाबत असाच निष्कर्ष प्रसिद्ध केला होता. पुढे जेंटामायसिन, सायक्लोस्पोरिन अशी औषधं घेऊन आणि हळदीच्या जोडीला आलं, लसूण, कलौंजी, केशर असे पदार्थ घेऊन असे कितीतरी प्रयोग झाले. बहुतेकांचा निकाल एकाच बाजूला झुकला: मसाल्याने उंदराचं मूत्रपिंड सावरलं.

हे प्रयोग दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. पण प्रयोगशाळेबाहेर पडता पडता त्यांचं रूप बदलतं. ‘उंदरांमध्ये, अमुक मात्रेत, अमुक औषधाविरुद्ध’ हे शब्द गळून जातात आणि ‘हळदीने किडनी वाचते’ एवढंच उरतं. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाच्या घरी कुणी नातेवाईक कर्क्युमिनच्या कॅप्सूलची बाटली आणून देतो. रुग्ण ती घेऊ लागतो आणि डॉक्टरांना सांगत नाही, कारण हळद हे औषध आहे असं त्याच्या मनातच येत नाही. उंदराच्या पिंजऱ्यापासून रुग्णाच्या खाटेपर्यंतचं अंतर मोठं आहे. हळदीवर ज्यांचा जीव आहे त्यांनीच ते पायरी पायरीने ओलांडण्याचा आग्रह सगळ्यांत आधी धरायला हवा. हळदीचा खरा मान तिच्या कठोर परीक्षेत आहे, आणि ती परीक्षा होईपर्यंत मूत्रपिंड वाचवण्याचं काम तिच्या भरवशावर सोडणं रुग्णाच्या जिवावर बेतू शकतं.

औषधांचा मारा मूत्रपिंडावरच का होतो, हे आधी पाहायला हवं. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा या दोन लहानशा अवयवांकडे जातो. दिवसभरात ते सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकीचा सगळा परत शोषून घेतात. पाणी परत रक्तात जातं, तसं नलिकेत उरलेलं औषध अधिकाधिक तीव्र होत जातं. शिवाय नलिकेच्या पेशींवर काही पदार्थ आत ओढून घेणारी प्रथिनं असतात. सिस्प्लॅटिनला ओसीटी-२ नावाचं प्रथिन आत घेतं, तर जेंटामायसिनला मेगालिन. त्यामुळे रक्तात औषध थोडं असलं, तरी नलिकेच्या पेशीत ते साठत जातं. तिथे पेशीच्या ऊर्जाकेंद्रांची मोडतोड होते, ऑक्सिजनचे विध्वंसक रेणू तयार होतात, दाह उसळतो आणि पेशी मरतात.

सिस्प्लॅटिनचं महत्त्व समजलं, की हा प्रश्न किती गंभीर आहे तेही कळतं. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत होते. १९६५ साली त्यांनी जाहीर केलं, की जिवाणूंचं विभाजन विजेमुळे थांबत नाही, तर प्लॅटिनमच्या विद्युतअग्रांतून तयार झालेल्या संयुगांमुळे थांबतं. १९७८ साली अमेरिकेत हे औषध वापरायला परवानगी मिळाली आणि वृषणाच्या कर्करोगासारखा आजार बहुसंख्य रुग्णांमध्ये बरा होऊ लागला. मधल्या काळात मात्र मूत्रपिंडांवरच्या परिणामामुळे हे औषध बाजूला पडण्याची वेळ आली होती. शिरेवाटे भरपूर सलाईन देऊन लघवीचं प्रमाण वाढवायची युक्ती सापडली, म्हणून ते टिकलं. आजही एका डोसनंतर सुमारे एक-तृतीयांश रुग्णांच्या मूत्रपिंडांचं काम काही प्रमाणात घटतं.

मग डोस कमी करून भागेल का? मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने डोके-मानेच्या कर्करोगाच्या ३०० रुग्णांवर याच प्रश्नाची चाचणी घेतली आणि २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. किरणोपचारांबरोबर एका गटाला दर आठवड्याला कमी मात्रेत सिस्प्लॅटिन दिलं, दुसऱ्याला दर तीन आठवड्यांनी मोठ्या मात्रेत. दोन वर्षांनी मोठ्या मात्रेच्या गटात सुमारे ७३ टक्के रुग्णांचा आजार मूळ जागी आटोक्यात होता, तर छोट्या मात्रेच्या गटात सुमारे ५८ टक्के. दुष्परिणामही मोठ्या मात्रेतच जास्त होते. तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग घरोघरी पोचलेल्या महाराष्ट्रात हे आकडे फार बोलके आहेत. मूत्रपिंड वाचवण्यासाठी औषध कमी केलं, तर गाठ परत उभी राहण्याचा धोका वाढतो. म्हणूनच औषध पूर्ण द्यायचं आणि मूत्रपिंडही राखायचं, असा उपाय शोधण्यात अर्थ आहे. हळदीवर संशोधन करणाऱ्यांचा प्रश्न म्हणूनच योग्य आहे.

कर्क्युमिनकडे अपेक्षेने पाहण्याला शास्त्रीय कारणंही आहेत. परीक्षानळीत ते विध्वंसक रेणू शोषून घेतं. दाह पेटवणाऱ्या एनएफ-कॅपा-बी या प्रथिनाला ते रोखतं आणि पेशीची स्वतःची संरक्षणव्यवस्था जागी करणाऱ्या एनआरएफ-२ या प्रथिनाला चालना देतं. सिस्प्लॅटिनच्या विषारीपणात हीच यंत्रणा बिघडलेली असते. कागदावर सगळं जुळतं. अडचण सुरू होते ती मात्रेपाशी.

चंडीगडच्या प्रयोगात उंदरांना शरीराच्या दर किलोमागे ६० मिलिग्रॅमपर्यंत कर्क्युमिन दिलं होतं. इतर प्रयोगांत हे प्रमाण २०० मिलिग्रॅमपर्यंत जातं. उंदराची मात्रा माणसासाठी बदलताना ती साधारण सहाने भागतात. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला रोज सुमारे ६०० मिलिग्रॅम ते २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन लागेल. हळदपुडीत कर्क्युमिन असतं सुमारे ३ टक्के. त्या हिशेबाने रोजची हळद भरते २० ते ६५ ग्रॅम. आपल्या आमटी-भाजीतून माणशी जेमतेम दोन-अडीच ग्रॅम हळद पोटात जाते. फोडणीतली चिमूट आणि प्रयोगशाळेतली मात्रा यांच्यात दहा ते पंचवीस पटींचा फरक आहे. स्वयंपाकघरातल्या हळदीच्या नावाने जे सांगितलं जातं, ते खरं तर एका वेगळ्या केलेल्या रसायनाच्या जबर मात्रेबद्दल असतं.

बरं, एवढं पोटात गेलं तरी रक्तात पोचतं किती? बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ साली निरोगी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिलं, तेव्हा त्यांच्या रक्तात ते जवळपास सापडलंच नाही. आतडं आणि यकृत त्याचं लगेच रूपांतर करून ते बाहेर टाकतात. त्याच संशोधकांनी सोबत २० मिलिग्रॅम पिपरिन, म्हणजे मिऱ्यातला तिखट घटक, दिला तेव्हा रक्तातलं प्रमाण वीस पटींनी वाढलं. बाजारातल्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क असतो, तो याच अभ्यासामुळे.

मात्र पिपरिन हे साध्य करतं ते औषधांची विल्हेवाट लावणाऱ्या यंत्रणेला आवर घालून, आणि ती यंत्रणा फक्त हळदीसाठी राबत नाही. अवयवप्रत्यारोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिलं जाणारं टॅक्रोलिमस त्याच वाटेने शरीराबाहेर जातं. रक्तात ते थोडं जरी जास्त साठलं, तरी मूत्रपिंडाला इजा होते. हळदीमुळेही असं होऊ शकतं. प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णाने हळदीचं मोठ्या प्रमाणावर सेवन केलं, त्याची टॅक्रोलिमसची पातळी चढली आणि मूत्रपिंडं बिघडली, अशी नोंद २०१७ साली वैद्यकीय नियतकालिकात आली आहे. औषधाने होणारी इजा टाळण्यासाठी घेतलेला मसाला त्याच इजेचं कारण ठरू शकतो, हे या एका रुग्णावरून दिसतं.

उंदीर आणि रुग्ण यांच्यातला आणखी एक फरक कर्करोगतज्ज्ञांना सगळ्यांत जास्त सतावतो. मूत्रपिंडाच्या या प्रयोगांतले बहुतेक उंदीर तरुण आणि निरोगी असतात. त्यांच्या अंगात गाठ नसते. कर्क्युमिनही बहुधा औषधाच्या आधीपासून दिलेलं असतं. माणसाच्या बाबतीत सिस्प्लॅटिनचा हेतूच पेशी मारण्याचा असतो. जो पदार्थ मूत्रपिंडातल्या पेशीला वाचवेल, तो गाठीतल्या पेशीलाही वाचवणार नाही कशावरून? ही शंका नुसती पुस्तकी नाही. सिस्प्लॅटिनमुळे मुलांची श्रवणशक्ती जाऊ नये म्हणून सोडियम थायोसल्फेट देतात. अमेरिकेत त्याला २०२२ साली मान्यता मिळाली. ते सिस्प्लॅटिन संपल्यावर सहा तासांनी द्यायचं, असा स्पष्ट नियम आहे, कारण आधी दिलं तर ते सिस्प्लॅटिनलाच निकामी करू शकतं. इतकंच नव्हे, तर ही मान्यता शरीरभर न पसरलेल्या कर्करोगापुरतीच आहे, कारण एका चाचणीत पसरलेल्या आजाराच्या मुलांमध्ये थायोसल्फेट मिळालेल्यांचं आयुर्मान कमी दिसलं होतं. इतक्या वेळा तपासलेल्या पदार्थालाही घड्याळ आणि आजाराची पायरी पाहून वागावं लागतं. हळदीच्या बाबतीत केव्हा, किती आणि कुणाला, या प्रश्नांची अशी नेमकी उत्तरं हाती नसताना ती बिनधोक आहे असं म्हणता येत नाही.

प्राण्यांवर आणि छोट्या गटांवर चमकलेल्या उपायांचं माणसांच्या मोठ्या गटात काय होतं, याचा इतिहास मूत्रपिंडशास्त्रात नोंदलेला आहे. क्ष-किरण तपासणीत शिरेतून दिल्या जाणाऱ्या रंगद्रव्यामुळे मूत्रपिंड बिघडू नये म्हणून एन-ॲसिटिलसिस्टीन या प्रतिऑक्सिडीकारकाचा प्रयोग झाला. २००० साली ८३ रुग्णांवरच्या अभ्यासात ते फार गुणकारी दिसलं आणि जगभरच्या रुग्णालयांत सर्रास दिलं जाऊ लागलं. २०१८ साली सुमारे पाच हजार रुग्णांवरच्या नीट रचलेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याचा काहीच उपयोग दिसला नाही. मधली अठरा वर्षं रुग्ण ते घेत होते.

कर्क्युमिनची गोष्टही याच वळणावर येऊन पोचली आहे. इराणमधल्या शिराझ इथे २०११ साली मधुमेहामुळे मूत्रपिंड बिघडलेल्या ४० रुग्णांना रोज दीड ग्रॅम हळद दोन महिने दिली, तेव्हा लघवीतून जाणारं प्रथिन कमी झालं. पुढे कॅनडात दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराच्या पाचशेहून अधिक रुग्णांना सूक्ष्मकण रूपातलं कर्क्युमिन दिलं. त्यात फायदा दिसला नाही. त्याहून महत्त्वाची चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली, तीही कॅनडातलीच. दहा रुग्णालयांतले, पोटातल्या महाधमनीचा फुगवटा दुरुस्त करण्यासाठी शस्त्रक्रिया होणारे ६०६ रुग्ण तिच्यात होते. निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या आगेमागे चार दिवसांत कर्क्युमिनचे दोन-दोन ग्रॅमचे आठ डोस दिले, निम्म्यांना औषधासारखी दिसणारी निष्क्रिय कॅप्सूल. दाह कमी झाला नाही. उलट मूत्रपिंडाला तीव्र इजा झालेल्यांचं प्रमाण कर्क्युमिनच्या गटात १७ टक्के आणि दुसऱ्या गटात १० टक्के भरलं. या रुग्णांची इजा शस्त्रक्रियेशी जोडलेली होती, औषधाशी नव्हे. त्यामुळे सिस्प्लॅटिनच्या प्रश्नाचा निकाल इथे लागत नाही. पण कर्क्युमिनची मोठी मात्रा मूत्रपिंडाला निदान अपाय तरी करणार नाही, हे गृहीतक आता पूर्वीसारखं धरता येत नाही.

परीक्षानळीतल्या निकालांबाबतही जपून राहायला हवं. २०१७ साली काही औषधरसायनतज्ज्ञांनी कर्क्युमिनवरच्या साहित्याचा कसून आढावा घेतला. तोवर माणसांवर शंभराहून अधिक चाचण्या झालेल्या होत्या. कर्क्युमिन शरीरात टिकत नाही, पेशीपर्यंत पोचत नाही, शिवाय ते स्वतःच प्रकाश फेकतं, धातूंना चिकटतं आणि प्रथिनांशी सरसकट जुळतं. त्यामुळे प्रयोगशाळेतल्या चाचण्या फसून ‘परिणाम दिसला’ असा संकेत देऊ शकतात, असं त्यांनी दाखवून दिलं.

यावर एक मनापासूनचा आक्षेप येतो. हजारो वर्षं घरात असलेल्या हळदीला परदेशी चाचण्यांच्या तराजूत का तोलायचं? आजीच्या बटव्यातलं ज्ञान खोटं होतं का? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. पण सिस्प्लॅटिन दवाखान्यात आलं १९७८ साली. त्याच्या विषारीपणावर हळद चालते असं कुठल्याही परंपरेने सांगितलेलं नाही, कारण हा प्रश्नच परंपरेसमोर नव्हता. जखमेवर हळद लावणं, घसा धरला की हळद-दूध पिणं हा पिढ्यांचा अनुभव आहे. केमोथेरपीच्या जोडीला मिरीच्या अर्कासह कर्क्युमिन घेणं ही अगदी अलीकडची, बाजाराने आणलेली गोष्ट आहे. जुन्या ज्ञानाची पुण्याई तिच्या खात्यावर जमा करता येत नाही.

आणि कसोटीला उतरून जिंकण्याचा वारसा याच मातीतला आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला अमेरिकेत मिळालं. सीएसआयआर या भारत सरकारच्या संशोधनसंस्थेने महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली या पेटंटला आव्हान दिलं. भावनेच्या भरात निवेदनं काढण्यावर न थांबता तिथल्या कार्यालयासमोर छापील पुरावे मांडले. त्यांत संस्कृत ग्रंथातले उल्लेख होते, तसाच भारतीय वैद्यकीय नियतकालिकात १९५३ साली आलेला लेखही होता. १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. लोकांनी या लढ्याला ‘हळदीघाटीची लढाई’ म्हटलं. ती जिंकली गेली, कारण आपल्या बाजूने जगाला मान्य होईल असा पुरावा उभा केला गेला. मूत्रपिंडाच्या प्रश्नावरही आपली बाजू तशीच भक्कम करता येईल. त्यासाठी लागणारा पुरावा जुन्या ग्रंथांत सापडणार नाही, तो रुग्णांवर नीट रचलेल्या चाचणीतूनच यावा लागेल.

‘गुण नाही आला तरी अपाय तर होत नाही’ हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. हळदीच्या मोठ्या मात्रेबाबत तेही खरं नाही. हळदीत ऑक्झलेट बरंच असतं आणि त्यातला बहुतांश भाग पाण्यात विरघळणारा असतो. २००८ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात निरोगी माणसांना पूरक आहार म्हणून हळद दिली, तेव्हा लघवीतलं ऑक्झलेट वाढलं. दालचिनीने तसं झालं नाही. दीर्घकाळ हळदीचे पूरक घेतलेल्या रुग्णांच्या मूत्रपिंडात ऑक्झलेटचे स्फटिक साठून ती निकामी होऊ लागल्याच्या नोंदी आहेत. भेसळीचा धोका वेगळाच. बांगलादेशात हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून लेड क्रोमेट मिसळलं जात होतं. शिसं मूत्रपिंडालाही घातक असतं. २०१९ साली तिथल्या सरकारने कडक तपासण्या आणि कारवाई सुरू केली. दोन वर्षांनी बाजारातल्या नमुन्यांत ते सापडेनासं झालं.

मग औषधांपासून मूत्रपिंड वाचवणारं आज हातात काय आहे? सिस्प्लॅटिनच्या आधी-नंतर सलाईन आणि मॅग्नेशियम. प्रत्येक डोसआधी क्रिएटिनिनची तपासणी. जेंटामायसिन दिवसातून तीनदा देण्याऐवजी योग्य रुग्णांत एकदाच, वजन आणि मूत्रपिंडाचं काम पाहून. ज्यांना सिस्प्लॅटिन झेपणार नाही त्यांच्यासाठी पर्याय: टाटा मेमोरियलने २०२३ साली दाखवून दिलं, की अशा डोके-मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांना किरणोपचारांबरोबर डॉसेटॅक्सेल दिलं तर नुसत्या किरणोपचारांपेक्षा निकाल सुधारतात.

सगळ्यांत साधा उपाय म्हणजे मनाने वेदनाशामक गोळ्या न घेणं. उन्हात राबून अंगातलं पाणी कमी झालेलं असताना मूत्रपिंडातला रक्तप्रवाह प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांवर टिकून असतो; डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या नेमकी त्याच द्रव्यांची निर्मिती रोखतात. डायक्लोफिनॅक मूत्रपिंडाचं काय करू शकतं, हे आपल्या आकाशात दिसलं आहे. हे औषध दिलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली, हा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली होती. २००६ साली भारताने गुरांसाठी या औषधावर बंदी आणली. माणसासाठीच्या गोळ्या मात्र मेडिकलच्या दुकानात चिठ्ठीशिवाय आजही सहज मिळतात.

हळदीची चाचणी करायला लागणारं सगळं महाराष्ट्रात आहे. स्वस्त, जुन्या आणि पेटंट नसलेल्या औषधाची मोठी चाचणी कशी करायची, हे टाटा मेमोरियलने करून दाखवलं आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती साधं लिग्नोकेन टोचण्याची त्यांची चाचणी १६०० स्त्रियांवर झाली, आणि २०२३ साली आलेल्या निकालात पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ८६ टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर गेलेलं दिसलं. वायगाव, सांगली आणि वसमत या महाराष्ट्रातल्या तीन हळदींना भौगोलिक मानांकन आहे. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय हळद मंडळही सुरू झालं. हळदीवर कुणाची मक्तेदारी नसल्याने औषध कंपन्या अशा चाचणीत पैसा घालायला फारशा पुढे येणार नाहीत. तो सार्वजनिक तिजोरीतूनच यावा लागेल.

त्या चाचणीत किरणोपचारांबरोबर सिस्प्लॅटिन घेणारे रुग्ण असावेत. सर्वांना सलाईन आणि मॅग्नेशियम मिळावं. निम्म्यांना मोजून-मापून तपासलेलं कर्क्युमिन द्यावं, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय कॅप्सूल. दर आठवड्याला क्रिएटिनिन आणि यकृताच्या चाचण्या व्हाव्यात, आणि गाठ परत येते का, हे किमान दोन वर्षं पाहिलं जावं. निकाल हळदीच्या बाजूने लागो वा विरोधात, तो पूर्ण छापला जावा. तोवर केमोथेरपीच्या प्रत्येक नोंदणी-कागदावर ‘घरगुती औषधं, कॅप्सूल, काढे’ असा एक रकाना असावा. तो भरताना परिचारिकेने रुग्णाला आणि सोबतच्या नातेवाइकाला आवर्जून विचारावं, की बाटली असेल तर पुढच्या खेपेला घेऊन या.